टाळ का थांबत नाही?

(शतकमहोत्सवी नामसप्ताहात, काल्याच्या आदल्या दिवशी केलेलं भाषण)



समितीने मला विषय चिठ्ठीवर लिहून दिला. ‘संस्थेच्या कामगिरीचे नियोजन आणि गुणवत्तावाढ’. मी चौथी शिकलेला माणूस, विषयाचं नाव माझ्यापेक्षा जास्त शिकलेलं. घरी सुनेला विचारलं, ह्याचा अर्थ काय गो? ती म्हणाली, “बाबानू, काम नीट चलता काय आणि फुडच्या वर्षी ह्याच्यापेक्षा बरा कसा करूचा, तां बघूचा. दुसरा काय नाय.” मग मला धीर आला. म्हटलं, एवढंच असेल तर आपल्या हैबतबाबांनी हे दोनशे वर्षांमागे करून ठेवलेलं आहे. आपण फक्त वापरायचं विसरलो.

हैबतबाबा सातारच्या आरफळ गावचे. ग्वाल्हेरला शिंदे सरकारच्या पदरी नोकरीत होते, म्हणजे लष्करात वावरलेला माणूस. त्यांच्याआधी वारी नव्हती असं नाही. तुकोबारायांचे चिरंजीव नारायणबाबा यांनी 1685 साली पालखीची प्रथा चालू केली, देहूहून तुकोबांच्या आणि आळंदीहून ज्ञानोबांच्या पादुका एकत्र नेल्या. त्याच्याही आधी शेकडो वर्षं लोक चालतच होते. हैबतबाबांनी 1832 च्या सुमारास माऊलींचा सोहळा वेगळा सुरू केला. अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे दिले, तंबू दिला, नैवेद्याची सोय केली. ती अंकली आज बेळगाव जिल्ह्यात, पण घोडे अजूनही तिथूनच आळंदीला येतात. आणि त्यांनी काय केलं? चालणाऱ्या लोकांना ओळ दिली. पुढे कोण, मागे कोण, कधी उठायचं, कुठे थांबायचं. रथापुढे 27 दिंड्या, प्रत्येकीचा नंबर ठरलेला. आज रथामागे दोनशेच्या वर दिंड्या आहेत, त्यांचेही नंबर ठरलेले. दिंडीच्या आतसुद्धा पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, वीणा, मागे तुळशी-हंडा घेतलेल्या माय-माऊल्या. कोणी कोणाला “सरक” म्हणायचं नाही.

पण ओळ लावणं ही सोपी गोष्ट. पलटणीतला हवालदारही ओळ लावतो. माझ्या मते हैबतबाबांच्या सोहळ्याची खरी किल्ली संध्याकाळी दिसते. ज्यांनी आषाढीत माऊलींबरोबर एक तरी मुक्काम केलाय त्यांनी बघितलं असेल. बाकीच्यांसाठी सांगतो.

पालखी मुक्कामाच्या माळावर येते. मधे पालखी, भोवती गोल करून सगळ्या दिंड्या उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा असा गजर की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार चोप वर करतो आणि मोठ्याने ‘हो’ देतो. हातात माईक नाही, शिटी नाही, पोलीस नाही. एक चांदीची काठी. आणि बघता बघता हजारो टाळ बंद. पान पडलं तरी ऐकू यावं अशी शांतता.

पण कधी कधी सगळे थांबतात आणि एका कोपऱ्यात टाळ वाजतच राहतो. नवीन माणसाला वाटतं, यांना कळलं नाही की काय. कळलेलं असतं. त्या दिंडीची काही तक्रार असते. पाण्याचा टँकर मिळाला नाही, जागा दुसऱ्यांनी घेतली, चालताना कोणी मधे घुसलं, काहीही असो. तक्रार आहे तोवर त्यांनी टाळ थांबवायचा नाही. चोपदार तिथे चालत जातो. त्यांना पालखीकडे बोलवत नाही, आपण जातो. काय झालं ते ऐकतो, सोहळ्याच्या मालकांच्या कानावर घालतो, निवाडा होतो, मग टाळ थांबतो. त्याच्यानंतर हरवलं-सापडलं पुकारतात, उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात आणि मग आरती. आधी गाऱ्हाणं, मग आरती. देवसुद्धा तोवर थांबलेला असतो बघा.

ह्यातल्या दोन-तीन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. तक्रार करणाऱ्याला ओरडावं लागत नाही, भांडावं लागत नाही, नामस्मरण सोडावं लागत नाही. त्याचा टाळच बोलतो. दुसरं म्हणजे ती तक्रार सगळ्यांसमोर असते. मागून कुजबुज नाही. तिसरं, त्याच रात्री निकाल. पंढरपूरला पोचल्यावर बघू, पुढच्या मीटिंगीत ठेवू, असं नाही. कारण उद्या सकाळी परत त्याच रस्त्याने त्याच माणसांबरोबर चालायचंय. पोटात राग ठेवून वीस किलोमीटर चालता येत नाही.

मला पूर्वी वाटायचं, चोप वर झाल्यावर एवढे लोक गप्प होतात ते चोपदाराच्या मानामुळे. आता वाटतं, ते गप्प होतात कारण त्यांना ठाऊक आहे, आपल्याला काही सांगायचं असतं तर आपल्याला वाजवत राहायची मुभा होती. ऐकून घेतल्यावर आलेली शांतता वेगळी आणि गप्प बसवल्यावर आलेली वेगळी. दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात, इथेच माणूस फसतो.

माझा एक पुतण्या पुण्याकडे गाड्यांच्या कारखान्यात आहे. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, काका, जपानात टोयोटा कंपनीत अशीच दोरी असते. काम करणाऱ्या साध्या माणसालाही काही चुकीचं दिसलं तर त्याने ती ओढायची. मुकादम धावत येतो, आणि चूक निस्तरली नाही तर सगळी लाईन थांबते. त्या टोयोटावाल्यांचा मूळ पुरुष मागवाला होता म्हणे. धागा तुटला की आपोआप थांबणारा माग त्याने 1924 साली काढला, म्हणजे तुटक्या धाग्याचं कापड पुढे विणलंच जाऊ नये. पुतण्या मोठ्या कौतुकाने सांगत होता. मी म्हटलं, बाबा, बरं केलं त्यांनी. आमच्याकडे दोरीच्या जागी टाळ आहे, आणि त्याच्याही आधीपासून आहे.

आता आपल्या दिंडीकडे येतो.

शंभर वर्षं झाली. आपली दिंडी माघीची. घाटावरचे लोक विचारतात, तुम्ही कोकणातले आषाढीला का येत नाही? त्यांना काय सांगायचं? आषाढात आपल्याकडे तरवा काढून लावणी चाललेली असते, गुडघाभर चिखलात. तेव्हा गेलं तर वर्षभर खायचं काय? म्हणून भात झोडून, कणगी भरून, कुळीथ पेरून, मोकळ्या मनाने माघात जायचं. आपल्या वाडवडिलांनी ही जी वेळ निवडली तेच पहिलं नियोजन. देवाला शेतीच्या आड येऊ दिलं नाही आणि शेतीला देवाच्या.

रस्ताही त्यांनीच ठरवला. कसाल, कणकवली, फोंडा. मग फोंडा घाट, दाजीपूर, राधानगरी, कोल्हापूर. पुढे मिरज, कवठेमहांकाळ, नागज, सांगोला आणि पंढरपूर. मुक्काम मोजायचे ते शेवटाकडून. एकादशी काही आपल्यासाठी पुढे ढकलता येत नाही. दशमीला पंढरीत, मग त्याच्या आदल्या रात्री कुठे, त्याच्या आदल्या रात्री कुठे, असं मागे मागे येत मालवणातून निघायचा दिवस ठरायचा. घाट सकाळच्या थंडाव्यातच चढला पाहिजे, म्हणून फोंड्याला रात्र. आणि कोल्हापुरात एक दिवस जास्तीचा. अंबाबाईचं दर्शन हे कारण सांगायला. खरं कारण, फोड आलेले पाय, तुटलेल्या चपला, ताप आलेलं एखादं माणूस, पडशातल्या ओल्या कपड्यांना ऊन. माऊलींची पालखी पुण्यात आणि सासवडला दोन-दोन रात्री राहते, तिथेही लोकांचं तेच चालतं. तो दिवस मोकळा दिसतो, पण त्याच्या जोरावर पुढचा सगळा रस्ता होतो. अलीकडे मुंबईकर चाकरमानी मंडळींच्या रजा बसाव्यात म्हणून हा कोल्हापूरचा दिवस काढून टाकला गेला. माझं स्पष्ट मत आहे, तो परत आला पाहिजे. ज्याला रजा नाही त्याने कोल्हापुरात येऊन मिळावं, बिलकूल हरकत नाही. पण चालणाऱ्याचा विसावा कापून रजेत बसवू नये.

आता अहवाल. दरवर्षी छापतो आपण. त्यात पहिलं वाक्य काय असतं? ‘यंदा वारकऱ्यांच्या संख्येत वाढ झाली.’ बरोबर आहे, वाढ झाली. टेंपो आला, मंडप आला, आचारी आले, टोप्या एका रंगाच्या झाल्या, फोटो चांगले येतात. ह्यात वाईट काही नाही. पण संख्या वाढली म्हणजे वारी सुधारली, हे गणित कुठल्या शाळेतलं? मी चौथीपर्यंतच होतो, तिथे तरी नव्हतं.

आपल्यातल्याच एका काकीचं सांगतो, नाव घेत नाही. बावीस-तेवीस वाऱ्या केलेली बाई. दोन वर्षांमागे आली नाही. पाय दमले असतील असं सगळ्यांनी धरलं. मी त्यांच्या आडावर पाणी प्यायला थांबलो तेव्हा विचारलं, “काकी, वारीक इलंस नाय ती? पाय दुखतत काय?”

ती म्हणाली, “पाय बरे आसत रे. पण मागे टाळ ऐकाक येना नाय. टाळ नाय, वीणा नाय. मगे मी वारीत चलतंय की डांबरी रस्त्यान बाजाराक जातंय, तां माकाच कळना नाय.”

मी म्हटलं, “मगे सांगूचा नाय?”

“सांगूचा कोणाक? पुढचे पुढे, मागचे मागे.”

बघा. पुढे तरुण पोरं, पाय हलके. टाळाच्या ठेक्याला जोर चढतो आणि ती निघतात. दिंडी रबरासारखी ताणत जाते. मागच्या बायका, म्हातारी माणसं कोस-कोस मागे. ती गप्प. आणि त्यांचं गप्प राहणं अहवालात ‘शिस्तबद्ध’ म्हणून छापून येतं.

हे फक्त भजनापुरतं असतं तरी मी आज बोललो असतो. पण तेवढ्यापुरतं नाही. 31 ऑक्टोबर 2022, कार्तिकीची वारी. कोल्हापूरकडची एक दिंडी सांगोल्याजवळ जुनोनीला संध्याकाळच्या वेळी चालत होती, मोटार दिंडीत घुसली, सात वारकरी गेले. ती दिंडी काही वेडीवाकडी चालत नव्हती, दोष त्यांचा नव्हता. पण तो रस्ता आपलाही आहे. नागजहून सांगोल्याला जाताना जुनोनीवरूनच जावं लागतं. मोठा झालेला, गुळगुळीत रस्ता, गाड्या सुसाट. अशा रस्त्यावर तिन्हीसांजेला आपल्या चार म्हाताऱ्या दिंडीपासून तुटून, अंधारात, हातात फक्त तुळस घेऊन चालत असतील, तर ही गोष्ट आपल्याला कोण सांगणार? त्या सांगणार नाहीत. काकीनेही मी आडावर थांबलो म्हणून सांगितलं.

म्हणून मी म्हणतो, मोजायचंच असेल तर डोकी मोजू नका. वेगळं काहीतरी मोजा. गेल्या माघात आम्ही वीणेकरी आणि दोघे टाळकरी यांनी घड्याळ लावून बघितलं. पहिली पताका मुक्कामाला टेकली आणि शेवटचं तुळशीवृंदावन टेकलं, ह्याच्यात दीड तास. एवढा एक आकडा रोज वहीत लिहा. दिंडीची तब्येत त्यात दिसते, डॉक्टराने नाडी बघावी तशी.

आपला जिल्हा ह्या बाबतीत अडाणी नाही. 2016 साली ग्रामीण स्वच्छतेची देशभर पाहणी झाली, 75 जिल्हे बघितले. डोंगराळ भागात हिमाचलातला मंडी पहिला आणि सपाटीच्या भागात आपला सिंधुदुर्ग पहिला. (आपल्याला सपाटीत कोणी घातलं देव जाणे. त्याला एकदा फोंडा घाटातून चालवत नेला पाहिजे.) तर त्या पाहणीत फक्त संडास किती बांधले एवढंच नाही बघितलं. वापरात आहेत का, पाणी आहे का, घराभोवती कचरा आहे का, चव्हाट्यावर आहे का, सांडपाणी साचलंय का, हे बघितलं. बांधलेला संडास आणि वापरातला संडास ह्यातला फरक आपल्या जिल्ह्याला कळतो, मग आलेला वारकरी आणि सोबत चाललेला वारकरी ह्यातला का कळू नये? गाडगेबाबा गावात शिरल्यावर आधी खराटा घ्यायचे आणि कीर्तन रात्री करायचे. आपण कीर्तनकार मंडळी बहुधा उलटं करतो.

तुम्हा बागायतदारांना एक वेगळी गोष्ट सांगतो, म्हणजे जास्त पटेल. हापूसमध्ये साका पडतो. बाहेरून फळ सोन्यासारखं, रंग आहे, वास आहे. कापलं की आत पांढरा, आंबट, स्पंजासारखा गर. पेटी भरताना कितीही हुशार माणूस बसवा, त्याला तो दिसत नाही. कारण तो पेटीत होतच नाही, तो झाडावर होतो, उन्हाच्या तापाने, जमिनीच्या झळीने. दापोलीचे विद्यापीठवाले सांगतात, फळ पूर्ण पिकायची वाट बघू नका, चौदा आणे तयार झालं की काढा, आणि झाडाखाली गवताचं आच्छादन करा. म्हणजे उपाय करायचा तो झाडाखाली, पेटीजवळ नाही. गिऱ्हाइकाने तोंड वाकडं केल्यावर तर नाहीच नाही. आपली वार्षिक सभा ही पेटी झाली. वारी झाल्यावर तीन महिन्यांनी हिशेब वाचायचा आणि ‘कोणाची काही सूचना?’ म्हणून विचारायचं. सूचना कसली येणार? साका धरून गेला तेव्हा धरला.

असं नाही की कोणी काही उपाय केला नाही. मागच्यांना ऐकू येत नाही हे कानावर आल्यावर एका भल्या माणसाने टेंपोवर भोंगा बसवून दिला. हेतू चांगला. पण झालं काय, मागच्यांना ऐकू आलं आणि त्यांनी गाणं सोडलं. भोंगा गातोय तर आपण कशाला? आधी निदान आपापसात गुणगुणत होत्या, तेही बंद. आजारापेक्षा औषधाने जास्त त्रास दिला. म्हणून नवीन काही करायचं तर आधी एक दिवस करून बघायचं, एका मुक्कामापुरतं. जमलं तर दुसऱ्या दिवशी, नाही जमलं तर कोणाची नाचक्की नाही.

तसं आम्ही गेल्या माघात एक दिवस केलं. कवठेमहांकाळच्या पुढे. तुळशीवाल्या आणि म्हातारी माणसं पताकांच्या लगेच मागे घेतली, म्हणजे पावलाचा वेग त्यांचा. शेवटी चार तरणे टाळकरी आणि एक मृदंग, म्हणजे शेपटालाही गजर. पोरं कुरकुरली, “असा चललो तर पंढरपूर पुढच्या एकादशीक.” मुक्कामाला नेहमीपेक्षा अर्धा तास उशीर झाला हे खरं. पण पहिली पताका आणि शेवटचा मृदंग ह्यांच्यात अंतर किती पडलं? पाच मिनिटं. सगळी दिंडी एकत्र पोचली, एकत्र जेवली. तो उशीर भरून काढायचा तर सकाळी अर्धा तास लवकर उठायचं, काळोखात चालायचं नाही. रिवाज मोडला असं काहींचं म्हणणं आहे, तुळशी मागेच शोभतात म्हणे. त्यावर बोलू. वाटल्यास तुळशी मागेच ठेवा आणि पुढच्यांनी त्यांच्या पावलाने चाला. मला क्रमाचा हट्ट नाही, अंतराचा आहे.

आता मुख्य मागणं.

आपल्या सिंधुदुर्गात गाऱ्हाणं हा शब्द किती मोठा आहे. घाटावर गाऱ्हाणं म्हणजे नुसती तक्रार. आपण ते देवाला घालतो. रवळनाथापुढे नारळ ठेवून गावकर उभा राहतो, “बा देवा म्हाराजा” म्हणून सुरुवात करतो. कोणाचं पोर आजारी, कोणाचं गुरू हरवलं, कोणाची वाटणी अडली, सगळं नावानिशी देवाच्या कानावर घालतो. आणि सगळा गाव एका आवाजात म्हणतो, “व्हय म्हाराजा!” एकाचं दुखणं, पण हुंकार सगळ्या गावाचा. माऊलींच्या सोहळ्यात टाळ न थांबवणं आणि आपलं गाऱ्हाणं, माझ्या मनात ह्या दोन्ही गोष्टी एकच आहेत. मग देवळात आपण ज्या तोंडाने गाऱ्हाणं घालतो, ते दिंडीत का मिटतं?

म्हणून येत्या माघापासून रोज संध्याकाळी आरतीआधी सगळ्यांनी गोल उभं राहायचं. टाळ वाजवायचा. चोपदाराने चोप वर केला की थांबायचं. ज्याचं गाऱ्हाणं आहे त्याने थांबवायचा नाही. बायकांच्या हातात टाळ नसतो, त्यांनी टाळी वाजवत राहावं. चोपदाराने आणि अध्यक्षांनी, आहे तिथे चालत जायचं. गाऱ्हाणं कामाबद्दल असावं, माणसाबद्दल नको. ‘पाणी मागे पोचत नाही’ असं सांगावं, ‘अमक्याने पाणी दिलं नाही’ असं नको. आणि गाऱ्हाणं घातलं म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी कोणाला टोमणा मारला, तर त्या दिवशी वीणा उचलणार नाही, हे मी वीणेकऱ्याला विचारून सांगतो आहे.

एक वही ठेवायची. साधी, दुरेघी. गाऱ्हाणं काय, कोण बघणार आणि उद्याच्या मुक्कामाला झालं की नाही. दुसऱ्या संध्याकाळी आधी कालचं पान वाचायचं, मग नवीन टाळ. वही कोणाकडे? माझं म्हणणं, शेवटच्या ओळीतल्या कोणा लिहिता येणाऱ्या बाईकडे. पुढच्या ओळीतल्या माणसाला मागचं दिसत नाही, त्याची मान तिकडे वळत नाही, त्यात त्याचा दोष नाही.

सगळी गाऱ्हाणी निस्तरतील असं समजू नका. आमटीत मीठ कमी, हे गाऱ्हाणं शंभर वर्षं चाललंय, अजून शंभर चालेल. एकाच पंक्तीत एक म्हणते अळणी, तिची जाऊ म्हणते खारट. आचाऱ्याने काय करावं? पण वहीत आलं तर त्याच्याही पानावर ‘मीठ वेगळं वाढणे’ एवढं लिहिता येतं. पहिले दोन-तीन दिवस कोणीच वाजवणार नाही, हेही मला ठाऊक आहे. सगळे टाळ थांबतील आणि समितीला वाटेल, बघा, आपल्याकडे काही तक्रारच नाही. तेव्हा लगेच आरती सुरू करू नका. चोप वरच ठेवा. थोडं थांबा. लाजरी माणसं आपली. फोंड्यापर्यंत लाजतील, घाट चढल्यावर बोलायला लागतील.

बाकी दोन बारक्या गोष्टी समितीने लिहून घ्याव्यात. शेवटच्या ओळीतल्या दोघांच्या पाठीवर चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट, आणि सगळ्यात मागच्याच्या हातात लाल दिवा. खर्च फार नाही, शताब्दीच्या कमानीच्या फुलांपेक्षा कमीच. आणि नागज ते सांगोला हा टप्पा दिवसाउजेडीच. त्यासाठी एक मुक्काम वाढवावा लागला तर एक दिवस आधी निघू, कोल्हापूरचा दिवस मात्र त्यात कापायचा नाही.

काकीला मी परवा परत विचारलं, येतंस काय म्हणून. ती म्हणाली, “फोंड्यापर्यंत येतंय. थय मागे टाळ ऐकाक इलो तर घाट चढतंय, नायतर एस्टीन परत.” फोंडा आपला तिसरा मुक्काम. तीन दिवसांत जे काय करायचं ते करायला हवं.

राम कृष्ण हरी.